कच्चं मडकं आणि दुसऱ्याचा हात

तेरच्या गोरोबाकाकांची सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट बहुतेक वेळा अर्ध्यावरच थांबवली जाते. संतमंडळी गोरोबांच्या घरी जमली आहेत. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई, नामदेव. मुक्ताईला तिथे थापटणं दिसतं. हे काय म्हणून ती विचारते. मडकी थापटायचं, कच्चं कोणतं आणि पक्कं कोणतं ते यानं कळतं, असं गोरोबा सांगतात. मग आम्हीही मडकीच, आमच्यातलं कच्चं कोण ते बघा, असं ती म्हणते. गोरोबा उठतात आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात. बाकीचे गुमान मार खातात, नामदेव चिडतात. हे मडकं कच्चं, असा निकाल गोरोबा देतात. श्रोते हसतात आणि कीर्तनकार अहंकार या विषयाकडे वळतात.

मी तेरचा. तेरणेच्या काठावरच्या गोरोबांच्या देवळात, चैत्र वद्यातल्या यात्रेत, ही गोष्ट किती जणांच्या तोंडून ऐकली त्याची मोजदाद नाही. हल्ली मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो आणि उरलेल्या वेळात वाचतो. या गोष्टीकडे पुन्हा वळायचं कारण मात्र तेर नाही. गेली दोन वर्षं मी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं आणि विसाव्याच्या पूर्वार्धातलं मराठी ख्रिस्ती साहित्य वाचतो आहे: बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई. ख्रिस्ती लेखकांकडे एक विचार अधूनमधून भेटतो. आपलं लिखाण दुसऱ्याच्या हातून दुरुस्त करून घेणं ही नुसती व्यवहाराची बाब नसून साधना आहे; वाक्यावर लाल शाई चालते तेव्हा माणसातला 'मी' थोडा सोलला जातो आणि तो ख्रिस्ताच्या जरा जवळ सरकतो. मी ख्रिस्ती नाही, घर वारकरी आहे. तरी हा विचार मला सहजासहजी झटकता आला नाही, आणि सहजासहजी पटलाही नाही. तो तपासायला माझ्याजवळ गोरोबांचं थापटणं होतं, म्हणून तिथून सुरुवात.

आधी हत्यार नीट पाहायला हवं. भट्टीतून निघालेलं मडकं कुंभार थापटण्यानं तपासत नाही. ते तो बोटाच्या पेराने वाजवतो, बाजारात आपणही वाजवतो, आणि नाद खणखणीत आहे की फुटका ते ऐकतो. थापटणं हे लाकडाचं हत्यार आकार द्यायचं आहे. चाकावरून उतरवलेलं मडकं जाड बुडाचं आणि ओबडधोबड असतं. ते थोडं सुकू द्यायचं, मग एका हाताने आतून दगडी गोळा धरायचा आणि दुसऱ्या हाताने बाहेरून थापटायचं. आतला हात आणि बाहेरचा फटका यांच्यामध्ये भिंत पातळ होत जाते, पोट गोल होतं. आतला हात नसेल तर पहिल्याच फटक्याला मडकं बसतं. कबीराच्या नावावरच्या एका प्रसिद्ध दोह्यात गुरूला कुंभार म्हटलंय तेही याच दोन हातांसाठी.

तेव्हा गोरोबा नामदेवांना थापटतात ते ओल्या मडक्याचं हत्यार घेऊन, आणि निकाल देतात 'कच्चं' असा. कुंभाराच्या तोंडी हा शब्द शिवी नाही. कच्चं मडकं म्हणजे ज्याचं अजून काही करता येईल असं मडकं. ते वाळून कडक झालं असलं तरी पाण्यात टाका, विरघळतं, त्याची पुन्हा माती होते, पुन्हा चाकावर चढते. पक्क्या मडक्याचं तसं नाही. ते एकदा भाजलं की त्यातला दोषही भाजला जातो. फुटलं तर खापर होतं, आणि खापराची माती होत नाही. हे तेरच्या माणसाला वेगळं शिकावं लागत नाही. गावाभोवतीच्या पांढरीत नांगर चालला की खापरं वर येतात. हे प्राचीन तगर, ज्याचं नाव पहिल्या शतकातल्या ग्रीक 'पेरिप्लस'मध्ये आहे. ती भांडी वापरणारी माणसं, त्यांची भाषा, त्यांचे व्यापारी तांडे सगळं मातीत गेलं. खापरं तेवढी नाही गेली. लामतुरे वस्तुसंग्रहालयात काचेमागे ठेवलेली मातीची भांडी आणि खेळणी पाहताना मला नेहमी वाटतं, की पक्कं होणं ही इतकीही हेवा करण्याजोगी गोष्ट नाही.

गोष्टीचा उरलेला अर्धा भाग असा. नामदेव रुसून पंढरपुराला जातात आणि विठ्ठलाकडे तक्रार करतात. विठ्ठल त्यांच्याशी बोलतो, जेवतो. इतकी सलगी असलेल्या भक्ताला एका कुंभाराने कच्चं म्हणावं? आणि विठ्ठल कुंभाराची बाजू घेतो. गुरू कर म्हणतो. नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे जातात, तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव पाय काढायला सांगतात. विसोबा म्हणतात, मी म्हातारा आहे, जिथे देव नाही अशा ठिकाणी तूच उचलून ठेव. नामदेव पाय उचलून जिकडे ठेवतात तिकडे खाली पिंड येते.

यात दोन वेगळी कामं दोन वेगळ्या माणसांनी केली आहेत. गोरोबांनी सांगितलं, अजून झालेलं नाही. ते समीक्षकाचं काम झालं. विसोबांनी वाद घातला नाही, उपदेश केला नाही, नामदेवांचं एक वाक्य उचललं आणि ते लावून बघायला सांगितलं: तू म्हणतोस तसा देव एका जागी असेल, तर नसलेली जागा दाखव. संपादक करतो ते हे. चांगला संपादक तुमचं वाक्य स्वतःच्या वाक्याने खोडत नाही. तुमचंच वाक्य तुम्हाला शेवटपर्यंत चालवायला लावतो आणि ते कुठे अडखळतं ते तुम्हालाच दिसू देतो.

ही गोष्ट ख्रिस्ती वाचकांपर्यंत पोचली त्याचाही एक रस्ता आहे आणि तो नगर जिल्ह्यातून जातो. महिपतींनी 'भक्तविजय' १७६२ मध्ये पुरा केला. ते राहुरीजवळच्या ताहराबादचे. या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला जस्टिन अॅबट यांनी, नरहर गोडबोले यांच्या साहाय्याने. अॅबट अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी, 'ज्ञानोदय'चे एके काळचे संपादक. मिशनच्या कामातून निवृत्त होऊन ते अमेरिकेत गेले आणि उरलेलं आयुष्य त्यांनी मराठी संतकवींच्या अनुवादाला दिलं. 'भक्तविजय'चा अनुवाद त्यांच्या मृत्यूनंतर, १९३३ मध्ये बाहेर आला. हिंदूंना बदलायला आलेला माणूस म्हातारपणी महिपतीच्या ओव्या ओळीने उतरवत बसतो, यात कोण कोणाला घडवत होतं हा प्रश्न मला त्यांच्या चरित्रातला सर्वांत सुरस वाटतो.

अॅबटना गोरोबांच्या घरातला प्रसंग उतरवताना यिर्मया आठवला असेल का, असं मनात येतं, कारण बायबलातला कुंभार तिथे आहे आणि तो एकदा नाही, लागोपाठ दोन अध्यायांत येतो. अठराव्या अध्यायात संदेष्टा कुंभाराच्या घरी जातो. चाकावरचं भांडं हातातच बिघडतं, आणि कुंभार त्याच मातीचं दुसरं भांडं करतो. एकोणिसाव्या अध्यायात तोच संदेष्टा कुंभाराकडची भाजलेली सुरई विकत घेतो, ती हिन्नोमाच्या खोऱ्यात नेतो आणि लोकांसमोर फोडतो: हे असं फुटलं की सांधता येत नाही. प्रवचनांत हे दोन अध्याय बहुधा वेगवेगळे वाचले जातात. एकत्र वाचले तर मधली भट्टी दिसते. ओलं असताना बिघडणं ही रोजची बाब आहे, कुंभार त्यासाठी थांबतही नाही. भीती भाजून घेतल्यानंतरची आहे.

म्हणून संपादनातून आध्यात्मिक वाढ होते म्हणणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न असतो: तुमच्या हातातलं लिखाण ओलं होतं का? आमच्या धंद्यात लिहिलेली प्रत्येक ओळ दुसऱ्या कुणीतरी वाचल्याशिवाय पुढे जात नाही. याला आम्ही रिव्ह्यू म्हणतो. रोज होतो, म्हणून त्यातलं नाट्य संपलेलं असतं. रिव्ह्यूचे दोन प्रकार कुणालाही महिन्याभरात ओळखू येतात. एक असतो काम चालू असताना, फाटे अजून उघडे असताना; त्यात समोरचा विचारतो की ही यादी रिकामी आली तर काय होईल, आणि तुम्ही उठून पाणी प्यायला जाता तेव्हा उत्तर सापडतं. दुसरा असतो सगळं झाल्यावर, शेवटच्या दिवशी, वरिष्ठाच्या एका शब्दाच्या शेऱ्यात. माझ्या आधीच्या एका कंपनीत दुसऱ्याच प्रकाराला शिस्त म्हणत. त्यातून माणूस नम्र होत नाही. तो पुढच्या वेळी कमी दाखवायला शिकतो.

नम्रता हा शब्द इथे फार सांभाळून वापरायला हवा, आणि का ते मराठीत पंडिता रमाबाईंइतकं स्पष्ट कुणी दाखवलेलं नाही. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वैद्यक शिकायचं होतं, पण कानाने कमी ऐकू येऊ लागलं होतं, ते जमलं नाही. वाँटेजच्या अँग्लिकन मठात त्या राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात गेल्या. या वर्षांतला त्यांचा आणि तिथल्या ख्रिस्ती वडीलधाऱ्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने इंग्रजीत प्रसिद्ध केला. संपादन या विषयावरचं माझ्या माहितीतलं सर्वांत दाहक पुस्तक ते आहे, जरी त्यात संपादन हा शब्द कुठल्याच महत्त्वाच्या जागी येत नसला तरी.

कारण तिथे दुरुस्त केलं जात होतं ते रमाबाईंच्या श्रद्धेचं लिखाण. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणत. या आजीबाईंना रमाबाईंच्या पत्रांत त्रैक्याबद्दल शंका दिसल्या, चर्चच्या मतांगीकाराबद्दल आक्षेप दिसले, अंडं घातलेला पुडिंगचा पदार्थ न खाण्याचा हट्ट दिसला, गळ्यातल्या क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरं हवीत अशी मागणी दिसली. या सगळ्याला त्यांनी एकच शेरा मारला: गर्व. विनय शिक, चर्चच्या आज्ञेत राहा. रमाबाईंचं उत्तर मराठी मुलखातल्या कुठल्याही माणसाला ओळखीचं वाटेल. एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे, आता दुसऱ्या पुरोहितांनी सांगितलेलं सगळं देवाची आज्ञा म्हणून घेणार नाही, अशा आशयाचं त्यांनी लिहिलं. ख्रिस्ताचं ऐकेन, त्याच्या नावाने बोलणाऱ्या प्रत्येकाचं ऐकेनच असं नाही.

याच वेळी चेल्टनहॅमच्या प्राचार्य डोरोथिया बील याही रमाबाईंशी पत्रांतून बोलत होत्या, आणि ती पत्रं शेजारी ठेवून वाचली की दोन हातांमधला फरक कळतो. बीलबाईही श्रद्धेने पक्क्या अँग्लिकन. त्यांनाही रमाबाईंची मतं बदलावीत असंच वाटत होतं. पण त्या शंकेला गुन्हा म्हणत नाहीत. रमाबाईंचा प्रश्न आधी त्या स्वतःच्या शब्दांत मांडतात, त्यात काय खरं आहे ते कबूल करतात, मग आपलं म्हणणं सांगतात, आणि उत्तराला वेळ देतात. तिला मोकळं विचार करू द्या, असं त्या इतरांनाही लिहितात. रमाबाईंच्या उत्तरांचा सूरही त्यामुळे वेगळा लागतो. जेराल्डिनना लिहिताना त्या लढतात, बीलना लिहिताना विचार करतात. माती तीच आहे. एकीकडे फक्त बाहेरून फटके आहेत, दुसरीकडे आत हात आहे.

एक गोष्ट जेराल्डिनच्या बाजूनेही नोंदवायला हवी. ही पत्रं आज आपल्या हातात आहेत ती त्यांनी जपली, जुळवली, आपल्या टिपणांसह लावून ठेवली म्हणून. रमाबाईंचा बंडखोर आवाज आपल्यापर्यंत आला तो त्यांना गप्प करू पाहणाऱ्या बाईंच्या संकलनातून. टिपणांत त्या अजूनही रमाबाईंना सुधारत असतात. पण मूळ पत्र त्यांनी बाजूला तसंच ठेवलं आहे. बदल करणाऱ्याने मूळ मजकूर राखून ठेवावा, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम, तो या मठवासिनीने पाळला.

मग रमाबाईंची आध्यात्मिक वाढ संपादनामुळे झाली की संपादन नाकारल्यामुळे? मला वाटतं, हा प्रश्न असा विचारण्यातच घोळ आहे. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या म्हणतात की बाप्तिस्मा घेतला तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायला पुढे आठेक वर्षं लागली. म्हणजे १८८३ चा मजकूर त्यांनी स्वतःच कच्चा ठरवला. जेराल्डिनच्या दबावाखाली त्या तेव्हाच 'पक्क्या' झाल्या असत्या, सगळे मतांगीकार पाठ करून, शंका गिळून, तर पुढे बदलायला काही ओलं उरलं नसतं. त्यांनी नाकारली ती भट्टी. चाक नाही.

याचा पुरावा त्यांच्या शेवटच्या मोठ्या कामात आहे. केडगावच्या मुक्तिसदनात रमाबाईंनी संपूर्ण बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणायचं ठरवलं, त्यासाठी त्या वयात त्या भाषा शिकल्या, आणि आश्रमातल्याच छापखान्यात बायका-मुलींच्या हातांनी ते छापायला घेतलं. प्रचलित मराठी बायबलाबद्दल त्यांची तक्रार दुहेरी होती. त्यातली संस्कृत जड भाषा सामान्य बाईला कळत नाही, आणि ते संस्कृत शब्द येताना आपल्याबरोबर हिंदू दर्शनांचे अर्थ घेऊन येतात. ही तक्रार कोण करत होतं ते लक्षात घ्यावं. संस्कृतच्या जोरावर कलकत्त्याच्या पंडितांकडून 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या मिळवलेली बाई. आपलं सर्वांत मोठं भांडवल तिने स्वतःहून खोडलं. कोणी वडीलधारं शेरा मारायला नव्हतं. समोर होत्या १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून आलेल्या, अक्षर नव्याने ओळखणाऱ्या बायका, आणि एका बाजूला मूळ ग्रंथ. लेखकाला याहून कडक दोन संपादक मिळत नाहीत: ज्याच्याशी प्रामाणिक राहायचं तो मजकूर आणि ज्याला कळलं पाहिजे तो वाचक.

हे भाषांतर वाङ्मय म्हणून कसं आहे? मला ते खडबडीत वाटतं. मूळ शब्दाला शब्द जपण्याच्या आग्रहात मराठी वाक्य कित्येकदा लंगडतं, आणि मंडळ्यांच्या उपासनेत प्रचलित बायबलाची जागा त्याने घेतली नाही यात नवल नाही. आत हात धरायला एखादा चांगला मराठी कान त्यांच्याजवळ असता तर, असं वाटून जातं. पण आध्यात्मिक दस्तऐवज म्हणून ते मोठं आहे. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही मुद्रितं तपासणं चालू राहिलं. काम पुरं व्हायला देवाकडे थोडे दिवस मागून घेतले आणि शेवटचं मुद्रित हातावेगळं झाल्यावरच त्या गेल्या, अशी आठवण केडगावच्या परंपरेत सांगितली जाते. ५ एप्रिल १९२२. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं.

इथे एका शब्दाशी मला थोडं थांबायचं आहे. ख्रिस्ती शिकवणीत ज्याला पश्चात्ताप म्हणतात त्याचा नव्या करारातला ग्रीक शब्द आहे मेटानोइआ. त्याचा धात्वर्थ मन पालटणं, पुन्हा नव्याने विचार करणं असा आहे. मराठीत आपण शब्द घेतला पश्चात्ताप, म्हणजे मागाहूनचा ताप. ग्रीक शब्दात वळण आहे, मराठी शब्दात जळणं आहे. लिखाण परत आलं, समासात शेरे आहेत, आणि लेखक दोन दिवस जळतो. यालाच आध्यात्मिक समजणारे खूप आहेत. जळणं खरं असतं, ते नाकारायचं कारण नाही. पण नामदेव पंढरपुरापर्यंत जळतच गेले होते. ते वळले औंढ्याला, पाय उचलून ठेवताना.

लक्ष्मीबाई टिळकांकडे आलं की हा सगळा विषय हलका होतो, आणि बरं वाटतं. त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं ते लग्नानंतर टिळकांनी. टिळक म्हणजे शीघ्रकोपी, उदार, घरातला पैसा रस्त्यावर वाटून येणारा कवी. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा बायकोला विचारलं नव्हतं. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर दोघं पुन्हा एकत्र आली, आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तो नवऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे. 'स्मृतिचित्रे'तला तो भाग मी पुन्हा पुन्हा वाचतो. जात देवाने केली की माणसाने, हा एकच प्रश्न त्या आपल्या मनाशी घोळवतात, पशुपक्ष्यांच्या जाती आणि माणसांच्या जाती शेजारी ठेवून बघतात, आणि सोवळंओवळं गळून पडतं. विसोबांसारखं कोणीतरी पाय पुढे केलेले असावेत, आणि ह्या बाईने ते उचलून सगळीकडे ठेवून बघितले असावेत, असा तो तर्क आहे. ज्या टिळकांना तिला बदलायचं होतं त्यांना हे जमलं नव्हतं. कारण टिळकांजवळ आत धरायचा हात कधी असे, कधी नसे.

'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आली. मुलाने, देवदत्तांनी, वडिलांच्या चरित्रासाठी आईकडे आठवणी मागितल्या होत्या. तिने लिहून दिल्या त्या साधनसामग्री म्हणून. वाचल्यावर मुलाच्या लक्षात आलं की हे साधन नाही, हेच पुस्तक आहे. संपादकाचा यापेक्षा मोठा निर्णय मला माहीत नाही: स्वतः लिहायचं पुस्तक बाजूला ठेवणं. शाळेत न गेलेल्या बाईचं बोली गद्य, तिची फजिती, तिची नवऱ्यावरची चिडचिड आणि माया, हे सगळं सुशिक्षित करून 'पक्कं' करणं सहज शक्य होतं. पुढे साहित्य अकादमीसाठी देवदत्तांनी संक्षेप केला, नातवाने, अशोक टिळकांनी, अभिनव आवृत्ती सिद्ध केली, जोझेफिन इंक्स्टर आणि शांता गोखले यांचे इंग्रजी अनुवाद झाले. एवढ्या हातांतून गेलं तरी आवाज बाईचाच आहे. नव्या वाचकाने संक्षेपाच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. लक्ष्मीबाई ज्या वळणावर विषय सोडून भलतीकडे जातात तिथेच बहुधा त्यांचा धर्म सापडतो.

आणि 'ख्रिस्तायन'. टिळकांनी ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र सुरू केलं आणि सुरुवातीच्या अध्यायांनंतर ते अपुरं राहिलं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला, मिशनऱ्यांच्या देखरेखीबाहेरचा ख्रिस्तभक्तांचा मेळा. तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो असं सांगणाऱ्या माणसाला आयुष्याच्या शेवटी आपल्या श्रद्धेच्या मजकुरावर परक्या समितीचे शेरे नको झाले होते, असं मी त्याकडे पाहतो. ९ मे १९१९ ला ते गेले. अपुरं पुस्तक लक्ष्मीबाईंनी पुढे न्यायला घेतलं आणि साठाहून अधिक अध्याय लिहिले. शेवटचा अध्याय देवदत्तांचा. १९३८ मध्ये ग्रंथ बाहेर आला तेव्हा दोघंही हयात नव्हती.

टिळकांचे अध्याय संपून लक्ष्मीबाईंचे सुरू होतात तिथला सांधा वाचताना जाणवतो. टिळकांची ओवी सजून येते. लक्ष्मीबाईंची ओवी जात्यावरून उठून आल्यासारखी. त्यांनी नवऱ्याचा आवाज काढायचा प्रयत्न केलेला नाही, त्याच्या अध्यायांवर मागे जाऊन हातही फिरवलेला नाही. त्याचं जिथे थांबलं तिथून, आपल्या भाषेत. मला पूर्वी हा सांधा ग्रंथाचा दोष वाटत असे, आणि महाकाव्याच्या कसोटीवर तो दोषच आहे. येशू आपल्या शिष्यांचे पाय धुतो त्या प्रसंगाचा अध्याय मी यंदा चैत्रात, यात्रेला गावी आलो असताना वाचला. बाहेर देवळाच्या बाजूने टाळ ऐकू येत होते. ओवी दोन्हीकडे तीच होती.